ओट्याजवळच्या गप्पा : पावसाळी डब्यासाठी परतलेली पचडी



गेल्या अंकातल्या पुरणपोळीने बऱ्याच जणींचा अख्खा रविवार खाल्ला, असे कानावर आले आहे. त्याची भरपाई म्हणून या वेळी दहा मिनिटांत होणारा पदार्थ घेतला आहे. कोबी-गाजराची पचडी. मात्र कच्ची नव्हे, परतलेली. "त्यात काय सांगायचंय? कोबी चिरायचा आणि फोडणीत टाकायचा!" असे कुणी म्हणेल. मीही तसेच म्हणत होते, एका जूनमधल्या दुपारपर्यंत.

तेव्हा आम्ही हिगाशी-कासाईत नवीन होतो आणि लेक योचिएनच्या मधल्या वर्गात होती. डबा घरूनच द्यायचा. पोळीचे छोटे रोल, बटाट्याची भाजी आणि एका कप्प्यात आपली नेहमीची कोबीची पचडी, वर लिंबू पिळलेली. त्या दिवशी डबा परत आला तो पचडीचा कप्पा तसाच भरलेला. सोबत शाळेच्या वहीत सेन्सेईंची चार ओळींची चिठ्ठी. माझे जपानी तेव्हा हिरागानाच्या पुढे फारसे गेलेले नव्हते. मला एवढेच कळले की "कृपया देऊ नये" असे काहीतरी आहे.

मी काय समजले असेन, ते तुम्ही ओळखलेच असेल. हिंगाचा वास! त्याच्या महिनाभर आधी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये "स्वयंपाकाच्या वासाबद्दल शेजाऱ्यांचा विचार करावा" अशी सूचना लागली होती. नाव कुणाचे नव्हते, पण मजल्यावर फोडणी देणारे घर आमचे एकच. त्यामुळे मी आधीच दुखावलेली. दोन दिवस मनात धुमसत होते. आमचे हे म्हणाले, "शाळा बदलून टाकू." मी तर फोनवर सासूबाईंना सांगून मोकळी झाले, की इथे आपल्या मुलांच्या डब्यालासुद्धा नाके मुरडतात.

शेवटी ती वही घेऊन मी समोरच्या घरातल्या जपानी आजींकडे गेले. त्यांनी वाचले आणि मलाच विचारले, "एप्रिलमध्ये कागद मिळाला नाही का?" मिळाला होता. फ्रिजला चुंबकाने लावला होता, छानपैकी, न वाचता. त्यात लिहिले होते : जून ते सप्टेंबर डब्यात कच्ची भाजी देऊ नये, अन्न पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नये, टोमॅटोचे देठ काढावेत. वर्गातल्या सगळ्याच मुलांना नियम तोच. काकडीच्या चकत्या आणलेल्या एका जपानी मुलाच्या डब्यातही तशीच चिठ्ठी गेली होती, हे पुढे कळले. हिंगाचा संबंधच नव्हता. (लिफ्टमधल्या सूचनेचा होता की नाही, ते मात्र मला आजतागायत माहीत नाही.)

आता, हे लोक कच्च्या भाजीला एवढे का घाबरतात? इथल्या थोड्या जुन्या मंडळींना विचारा, १९९६ सालची गोष्ट सांगतील. ओसाकाजवळच्या साकाइ शहरात त्या जुलैमध्ये शाळेच्या जेवणातून ओ-१५७ जंतूंची लागण झाली. हजारो मुले आजारी पडली, काही मुली दगावल्या. संशय आला तो काइवारेवर, म्हणजे मुळ्याच्या कोवळ्या मोडांवर. ते नक्की सिद्ध झाले नाही. शेतकरी मात्र बुडायला आले, तेव्हा त्या वेळचे आरोग्यमंत्री कान नाओतो यांनी टीव्ही कॅमेऱ्यासमोर वाटीभर काइवारे खाऊन दाखवले होते. ज्या आयांची मुले त्या वर्षी शाळेत होती, त्या आज आज्या झाल्या आहेत. समोरच्या आजीही त्यातल्याच. त्या काही नाके मुरडत नव्हत्या, आठवत होत्या.

आणि त्सुयु आपल्याकडच्या पावसासारखा नसतो, हेही खरे. टोकियोत साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतो आणि जुलैच्या मध्यापर्यंत चालतो. कोसळत नाही, नुसता चिकचिकतो. कपडे वाळत नाहीत, बुरशी चढते. सकाळी सातला भरलेला डबा बारापर्यंत कोमट राहिला, तर त्यात काय काय वाढेल ते सांगायला नको. अन्नातून होणाऱ्या विषबाधेबद्दल इथे मुलांनाही तीन शब्द शिकवतात : जंतू लागू देऊ नका, वाढू देऊ नका, मारून टाका. त्सुकेनाइ, फुयासानाइ, यात्त्सुकेरु. पाढ्यासारखे पाठ असतात.

सासूबाईंना खरा प्रकार सांगितला तेव्हा त्या हसल्या. "अगं, कच्ची नको म्हणतात तर परतून दे! फोडणीत टाकायची, दोनदा हलवायची, उतरवायची. शेजारच्या गुजराती वहिनी नाही का करायच्या, गाठियांबरोबर?" त्या म्हणत होत्या तो संभारो. कोबी, गाजर किंवा कच्ची पपई लांब-लांब चिरून, मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीत मिरचीबरोबर दोन-तीन मिनिटे परतायची. फाफड्याबरोबर देतात तोही हाच. भाजी म्हणावी तर शिजलेली नाही, कोशिंबीर म्हणावी तर कच्ची नाही.

पहिला प्रयत्न साफ फसला. आदल्या रात्रीच कोबी चिरून, मीठ लावून ठेवला, म्हणजे सकाळची घाई नको. सकाळी फोडणीत टाकला तर त्याने जे पाणी सोडले, ते आटेपर्यंत कोबीचे पोतेरे झाले. तसाच भरला. पाणी झाकणातून झिरपून डब्याच्या रुमालात, तिथून दप्तरात, आणि दप्तरातली चित्रकलेची वही हळदीने पिवळी. लेक रडत घरी आली. चित्र आजीचे काढलेले होते, तेही रंगले.

मग मात्र मी हट्टाला पेटले आणि आठवडाभर रोज तेच केले. घरातले कंटाळले, पण हाती जे लागले ते खाली देते.

साहित्य, चौघांसाठी : कोबी पाव किलो (इथल्या मध्यम गड्ड्याचा साधारण चौथा हिस्सा), गाजर १, हिरव्या मिरच्या १ किंवा २, तेल २ चहाचे चमचे, मोहरी अर्धा चमचा, हिंग, पाव चमचा हळद, कढीपत्त्याची ५-६ पाने, मीठ, चिमूटभर साखर, अर्धे लिंबू. मिरची मिळाली नाही तर शिशितो चालतो, पण तो बेभरवशाचा. दहात एखादा असा निघतो की पाहुण्यांसमोर डोळ्यांतून पाणी. लहान मुलांच्या डब्यात नकोच.

सगळी गंमत पाण्याची आहे. भाजीतले पाणी मिठाने बाहेर येते, म्हणून मीठ अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या आधी क्षणभर. कोबी धुवायचा तो चिरण्याआधी, आणि नंतर कोरडा करायचा. माझ्याकडे शंभर येनच्या दुकानातली गरगर फिरवायची जाळी आहे, ती उत्तम काम देते. सुती पंचा असेल तर तोही चालेल. चिरताना इथल्या कात्सुबरोबर मिळतो तसा केसासारखा बारीक कोबी करू नका. तो कच्चा खायला छान, परतायला नाही. काडेपेटीतल्या काडीहून थोडा जाड हवा. पानाच्या शिरेच्या दिशेने चिरला तर करकरीत राहतो, आडवा चिरला तर मऊ पडतो आणि पाणीही जास्त सोडतो. घरात दातांची तक्रार असलेले कुणी असेल तर मुद्दाम आडवा चिरा.

कृती तशी दोन ओळींची. पसरट पॅन चांगले तापवा, तेल, मोहरी तडतडली की हिंग, कढीपत्ता, मिरची, हळद. आधी गाजर, अर्धे मिनिट. मग कोबी, आच मोठीच ठेवून, सतत हलवत दोन मिनिटे. मीठ, साखर, एकदा हलवून लगेच पसरट ताटात काढा. पॅनमध्येच ठेवलीत तर बंद गॅसवरही शिजत राहते. डब्यासाठी असेल तर एक मिनिट जास्त परता, सगळीकडून दणकून वाफ आली पाहिजे. इथल्या आरोग्य खात्याचे म्हणणे अन्न आतपर्यंत ७५ अंशांवर किमान मिनिटभर तापावे. बारीक चिरलेल्या भाजीला ते अवघड नाही, फक्त पॅन गच्च भरू नका. जास्त माणसांची करायची तर दोन घाण्यांत करा. एका घाण्यात करायला गेलात की भाजी परतली जात नाही, आपल्याच पाण्यात उकडते. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ज्यांनी माझी पचडी खाल्ली, त्यांना मी काय म्हणते ते कळले असेल. त्याबद्दल पुन्हा एकदा माफी.

लिंबू गार झाल्यावर. ओले खोबरे घरी खाताना जरूर घाला, पण या दिवसांत डब्यात नको, ते सर्वांत आधी उतरते. त्याऐवजी भाजलेले तीळ. हे थोडे पाणीही शोषून घेतात. दाण्याचे कूट आपल्याला आवडते आणि शेजारच्या चिबाचे शेंगदाणे तर जपानभर नावाजलेले आहेत, पण शाळेत ॲलर्जीचा नियम काय आहे ते आधी विचारा. शिवाय ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना कडक दाणे-डाळे देऊ नयेत, असे इथल्या ग्राहक खात्याने २०२१ मध्ये बजावले आहे, घशात अडकतात म्हणून. कूट केलेच तर अगदी बारीक.

आता शेगडीबद्दल, कारण याबद्दल नवीन आलेल्या प्रत्येकीचा एकदा तरी फोन येतो. "वहिनी, माझा गॅस आपोआप बारीक होतो, बिघडलाय का?" बिघडलेला नाही. ऑक्टोबर २००८ पासून इथे घरगुती गॅसच्या शेगडीच्या प्रत्येक बर्नरला तापमान ओळखणारे बटण असणे सक्तीचे आहे. बर्नरच्या मधोमध ते वर आलेले गोल दिसते, तेच. भांडे फार तापले की आच कमी करते, नाहीतर बंद. तेलाच्या आगी लागू नयेत म्हणून केलेले आहे आणि चांगलेच आहे. पण आपली फोडणीची इवलीशी कढई आणि गोल बुडाची लोखंडी कढई त्यावर नीट बसत नाही, आणि पापड तर आचेवर भाजताच येत नाही. पुष्कळ शेगड्यांवर जास्त आचेसाठी वेगळे बटण असते. ते तीन सेकंद दाबून धरले की परतण्यापुरती मोकळीक मिळते. आणि सपाट बुडाचे पॅन घ्या. गावाहून आणलेल्या कढईचा मोह मलाही सुटलेला नाही, ती हल्ली वरच्या फळीवर असते.

वासाचे म्हणाल तर फोडणीच्या दोन मिनिटे आधी पंखा लावा, मोहरी टाकल्यावर नव्हे. आणि तो पंखा बाहेर कुठे फेकतो ते एकदा जाऊन बघा. आमचा थेट शेजाऱ्यांच्या गॅलरीकडे फेकतो, जिथे त्यांचे धुतलेले शर्ट वाळत असतात. तेव्हापासून मी फोडणी सकाळी साडेसहाला, त्यांचे कपडे बाहेर यायच्या आत उरकते.

कोबी कुठला घ्यावा? वसंतात येतो तो हारु-क्याबेत्सु, सैल पानांचा, हलका, गोड. कच्च्या पचडीला याच्यासारखा नाही, परतायला मात्र नाजूक. थंडीतला घट्ट, चपटा गड्डा परतण्यासाठी उत्तम, तो बराचसा आयची प्रांतातून येतो. ऐन उन्हाळ्यात गुन्मातल्या त्सुमागोई या उंचावरच्या गावचा, तोही चांगला घट्ट असतो. आपल्याकडे कोबी हा शब्द पोर्तुगीजांच्या 'कोव्ह'वरून आला असे सांगतात, आणि इथे इंग्रजीवरून क्याबेत्सु झाला. पावाचे मात्र उलट. आपला पाव आणि जपानी 'पान' दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची पोरे. मुलांना हे सांगितले की त्यांना फार गंमत वाटते, पाणी प्यायच्या ग्लासाएवढीही आवड नसलेली भाजी मग खाऊन बघतात.

आणि महाग असेल तेव्हा? जानेवारी २०२५ आठवतो ना? आदल्या उन्हाळ्यातला उकाडा आणि नंतर पावसाने दिलेली ओढ, यामुळे कोबीचा भाव असा चढला की काही दुकानांत एका गड्ड्याला हजार येनपर्यंत मागत होते. कात्सुवाल्यांनी फुकटचा कोबी वाढणे बंद केले. त्या महिन्यात आमच्या घरी पचडी झाली ती कोमात्सुनाची. ही पालेभाजी आपल्या एदोगावाचीच, बरे का! शोगुन तोकुगावा योशिमुने ससाण्याची शिकार करायला इकडे आला होता, तेव्हा त्याला हिची आमटी वाढली, आवडली म्हणून त्याने जवळच्या कोमात्सुगावा या गावावरून नाव ठेवले, अशी गोष्ट सांगतात. आजही आपल्या वॉर्डात इमारतींच्या मधेच हिची हरितगृहे दिसतात. पालकासारखी तुरट नसते. देठ तिरके बारीक चिरून गाजराबरोबर आधी टाका, पाने अगदी शेवटी. मोयाशीही स्वस्त, पण तिच्यात पाणी फार. घरी ताटात वाढायची तर घाला, डब्यासाठी नको.

समोरच्या आजींना मी ही पचडी नेऊन दिली. त्यांनी वाटी परत केली ती रिकामी नाही. तिच्यात किनपिरा होता. गोबो म्हणजे ते लांब काठीसारखे मूळ आणि गाजर, दोन्ही काडीसारखे चिरून, तिळाच्या तेलात लाल मिरचीबरोबर परतलेले, वरून सोया सॉस आणि थोडे गोड. हात तोच, मसाला वेगळा. किनपिरा हे नाव जुन्या बाहुल्यांच्या खेळातल्या साकाता किनपिरा या बलदंड वीराचे, आपल्या मुलांना माहीत असलेल्या किन्तारोचा मुलगा तो. गोबो खाऊन तसेच बळ येते म्हणे. शाकाहारी मैत्रिणींनी विकतचा किनपिरा घेताना मात्र मागचे बारीक अक्षर वाचावे. पुष्कळदा त्यात माशाचे दाशी असते. तीच गोष्ट पोन्झु सॉसची.

डबा भरताना : ताटात पसरलेली पचडी पंख्याखाली किंवा उचिवाने वारा घालून पूर्ण गार करा. हात लावून बघू नका, चमच्याने घ्या. कागदी कपात भरा, म्हणजे पाणी सुटलेच तर पोळीला लागत नाही. झाकण गार झाल्यावरच, आणि वर बर्फाची छोटी पिशवी. उशीर झाला असेल तर गरम पचडी भरण्यापेक्षा त्या दिवशी ती वगळा.

तर दुसऱ्या सोमवारी लेकीचा डबा रिकामा आला. पूर्ण नव्हे. कपाच्या तळाशी मोहऱ्या शिल्लक होत्या, एकीशेजारी एक, रांगेत मांडलेल्या. "आई, सगळे म्हणाले मुंग्या आहेत." मी तिला समजावले, दुसऱ्या दिवशी मोहऱ्या पुन्हा रांगेत. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवसापासून मी डब्याच्या पचडीत मोहरी घालणे बंद केले, तीळ घालू लागले. सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मोहरीशिवाय फोडणी म्हणजे... बरं, पोरीनं खाल्लं ना?" ते "बरं" अजून माझ्या कानात आहे.

परवा पावसात लेक स्वतःचा डबा करत होती. आता ती हायस्कूलला आहे, डबा आपला आपणच भरते. मी मागून पाहिले तर तीळच घालत होती. "मोहरी डब्यात आहे, वरच्या फळीवर," मी म्हटले. "माहितेय," ती म्हणाली, आणि तिने झाकण लावले. तेही न गार करता, म्हणून ओरडावे लागले.

पुढच्या अंकात गणपतीच्या तयारीसाठी उकडीचे मोदक. जोशिनको पिठी चालते की नाही, यावरून आपल्यातल्या दोन घरांत कडाक्याचा वाद आहे. दोन्ही बाजूंनी आपापले मोदक करून आणावेत, खायची जबाबदारी माझी. आणि हो, या वेळी झेरॉक्स फिकट आली असेल तर वरचे "मीठ शेवटी" एवढे तेवढे पेनाने गडद करून घ्या.